वर्तणुकीचा शेरा आणि विसराळू मूल

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात केलेले भाषण)



मी मुंबईच्या उपनगरांतील प्राथमिक शिक्षक. आमच्या उपनगर जिल्ह्याला जिल्हा परिषद नाही. तेथील प्राथमिक शाळा महानगरपालिका आणि खाजगी संस्था चालवितात. तेव्हा मुंबईच्या मास्तराने खेड्यातील शिक्षकांना काय सांगावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, आपली आणि माझी काही मुले एकच आहेत. दिवाळी आटोपली की गावोगावची कितीतरी कुटुंबे मजुरीसाठी अंधेरी-बोरिवलीकडे, घाटकोपर-मुलुंडकडे येतात, टेकडीच्या उतारावर किंवा बांधकामाच्या आवारातच बिऱ्हाड थाटतात आणि पावसाच्या तोंडाला गावी परततात. त्यांच्याबरोबर मूल येते आणि त्यांच्याबरोबरच ते जाते. त्याच्या हाती आपण एकमेकांकडे एकच कागद पाठवितो, तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. आज मला जे सांगावयाचे आहे ते त्या रकान्यापासून सुरू होते.

गोष्ट २००८ सालची आहे. मुलुंडच्या बाजूस, टेकडीखालच्या वस्तीतून एक मुलगा माझ्या दुसरीच्या वर्गात येत असे. अंगाने लहानखुरा, बोलण्यात मात्र चुणचुणीत. कोणीही पाहुणा शाळेत आला की हा प्रथम त्याचा हात धरी. परंतु सोमवारी घोटून घेतलेली अक्षरे मंगळवारी त्याला परकी वाटत. ‘पाटी ठेव, हात धू आणि रांगेत बस’ असे सांगितले तर तो पाटी ठेवी आणि पुढे काय करावयाचे ते विसरून अंगणात भटकू लागे. एके दिवशी माझ्या टेबलावरील रंगीत खडूंची पेटी नाहीशी झाली. मी त्याला विचारले, ‘‘तू घेतलीस?’’ तो म्हणाला, ‘‘हो.’’ ‘‘कोठे ठेवलीस?’’ ‘‘नाल्यात टाकली.’’ थोड्या वेळाने पुन्हा विचारले, तर म्हणाला, ‘‘भावाला दिली.’’ त्याला भाऊ नव्हता. मी त्याला दिवसभर वर्गाबाहेर उन्हात उभे केले. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा हसत आला, पहिल्या रांगेत बसला आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, आज रंगवायचं का?’’ तिसऱ्या दिवशी ती पेटी माझ्याच कपाटात, हजेरीपटांच्या मागे सापडली. ती तेथे मीच ठेविली होती.

मे महिन्यात त्याची आजी दाखला नेण्यास आली. त्याला आई नव्हती. आजी आवाज खाली करून म्हणाली, ‘‘गुरुजी, लेकरू मुद्दाम नाही करत बघा. त्याच्या ध्यानातच राहत नाही. हे पोटात होतं तवा माझ्या लेकीला प्यायची लई सवय होती.’’ मी ते ऐकले. समजून मात्र घेतले नाही. खडूंची पेटी सापडलेली असूनही मी वर्तणुकीच्या रकान्यात ‘असमाधानकारक’ असे लिहिले, शिक्का मारला आणि तो कागद आपल्यासारख्याच कोणा शिक्षकाकडे पाठवून दिला.

पुढे काही वर्षांनी पश्चिम उपनगरातील एका सुखवस्तू कुटुंबाने दत्तक घेतलेली मुलगी माझ्या वर्गात आली. तिच्या आईने बालविकास-तज्ज्ञांनी दिलेला एक कागद मला वाचावयास दिला. त्यात त्या मुलीच्या अडचणी ओळीने मांडल्या होत्या आणि प्रत्येक ओळीत मला तो दुसरीतला मुलगा दिसू लागला. कागदाच्या माथ्यावर नाव होते ‘फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर’. मराठीत सोयीसाठी मी त्याला ‘गर्भावस्थेतील मद्यबाधा’ म्हणतो. त्या मुलाची तपासणी कधीच झाली नाही; म्हणून त्याला हीच बाधा होती असे ठामपणे म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु ही बाधा मला ठाऊक असती, तर मी त्याला उन्हात उभे केले नसते, एवढे मात्र निश्चित.

आता ही बाधा म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. गरोदर स्त्रीने घेतलेले मद्य वारेतून गर्भाच्या रक्तात जाते. गर्भाचे यकृत अपक्व असल्यामुळे त्याला त्या विषाचा निचरा करता येत नाही. मेंदूची घडण गर्भारपणाचे नऊही महिने चालू असते. म्हणून मद्याचा आघात विशेषेकरून मेंदूवर होतो. ताडी, मोहाची दारू, देशी, बिअर किंवा महागडी विलायती, यांतील मद्यार्क एकच आहे आणि गर्भापुरती त्याची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा वैद्यकाला ठाऊक नाही. आईच्या पोटात पुरेसे अन्न नसेल तर हानी अधिक होते. ही बाधा आनुवंशिक नव्हे, संसर्गजन्य नव्हे आणि औषधाने बरी होणारीही नव्हे. ती जन्मभर राहते. परंतु तिची पूर्ण टाळाटाळ शक्य आहे आणि ती असताही मुलाचे जीवन सुसह्य करता येते, या दोन गोष्टी आपण ध्यानात ठेवाव्या.

फ्रान्समधील नांत येथील डॉक्टर पॉल लेम्वान यांनी १९६८ साली मद्यपी मातापित्यांच्या १२७ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९७३ साली अमेरिकेतील सिॲटल येथील केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी या लक्षणसमूहाला नाव दिले, आणि मग जग जागे झाले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे जगात दर हजार मुलांमागे सुमारे आठ मुलांना ही बाधा असते. आपल्या देशात मद्य घेणाऱ्या स्त्रिया थोड्या आहेत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील स्त्रियांत हे प्रमाण शंभरात सुमारे एक आढळले. परंतु शंभरात एक हा आकडा कोट्यवधी स्त्रियांच्या देशात लहान नाही. शिवाय तो सर्वत्र सारखा वाटलेला नसतो. कोठे रूढीने, कोठे अंगमेहनतीचा ठणका विसरण्यासाठी, तर कोठे उंच इमारतींतील मेजवानीत पेला हाती येतो. ही बाधा कोणा एका जातीची, जमातीची किंवा वस्तीची आहे असे समजणे अन्यायाचे होईल. मी ती झोपडीतही पाहिली असावी आणि सुखवस्तू घरात तर कागदावर लिहिलेली पाहिली.

आमच्या उपनगरांत दारूने दोन वेळा मोठा हाहाकार उडविला. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीच्या बाजूस आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारू पिऊन माणसे दगावली. मालवणीत मृतांची संख्या शंभरावर गेली. वर्तमानपत्रे भरून आली, चौकश्या झाल्या, खटले झाले. ते योग्यच होते. परंतु दारूची जी हानी जन्मापूर्वीच होते, आणि जी पुढे पहिली-दुसरीच्या वर्गात ‘मठ्ठ’, ‘लबाड’, ‘उनाड’ अशा नावांनी बसलेली असते, तिची मोजदाद कोणी करीत नाही. ती हानी जर कोणाच्या नजरेस प्रथम पडत असेल, तर ती अंगणवाडीच्या ताईंच्या आणि आपल्या.

ती नजरेस पडावी कशी? काही मुलांच्या चेहऱ्यावर खुणा असतात: नाक आणि वरचा ओठ यांमधील पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ, डोळ्यांच्या फटी आखूड. परंतु बाधित मुलांपैकी बहुसंख्य मुलांच्या चेहऱ्यावर यांतले काहीही नसते. म्हणून चेहरा पाहून निदान करण्याच्या भरीस आपण पडू नये. वर्तनात जे दिसते ते असे: मूल शिकविलेले आज करून दाखविते आणि उद्या विसरते. ते भरभर बोलते, त्यामुळे त्याला सर्व समजले असा आपला ग्रह होतो. वस्तुतः त्याचे समजणे बोलण्याच्या पुष्कळ मागे असते. काल, आज, उद्या, पैसे, मोजमाप या अमूर्त गोष्टी त्याच्या हाती लागत नाहीत. गोंगाटाने, घाईने, अचानक झालेल्या बदलाने ते बिथरते. वयाने आठ वर्षांचे मूल समजुतीने चार-पाच वर्षांचे असते. परक्यावर ते चटकन विश्वास टाकते, आणि इतर मुलांनी केलेल्या खोडीचा आळ मुकाट्याने स्वतःवर घेते. आठवणीत जेथे पोकळी असते तेथे ते काहीतरी भरून सांगते. आपण त्याला खोटे बोलणे म्हणतो. परंतु खोटे बोलणाऱ्याला खरे ठाऊक असावे लागते. या मुलाला तेच आठवत नसते; समोरच्याला काय ऐकावयाचे आहे, तेवढे मात्र त्याला उमगते. माझ्या ‘‘घेतलीस का?’’ या प्रश्नात ‘हो’ हे उत्तर मीच घालून ठेविले होते.

मित्रहो, माझ्या साऱ्या भाषणाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे: हे मूल ‘करीत नाही’ असे आपणांस वाटते, त्या ठिकाणी ‘त्याला करता येत नाही’ असे वाचावे. ‘करीत नाही’ याला शिक्षा हे उत्तर सुचते. ‘करता येत नाही’ याला मदत हे उत्तर सुचते. एका शब्दाच्या फरकाने शिक्षकाचा हात उगारलेला राहतो किंवा पुढे केलेला.

ती मदत कशी करावी, याविषयी मला अनुभवाने जे उपयोगी आढळले ते क्रमाने सांगतो. यांतील एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही.

पहिली गोष्ट, एका वेळी एकच सूचना द्यावी. ‘पाटी ठेव.’ ती ठेविल्यावर ‘हात धू.’ शब्द थोडे असावेत, रोज तेच असावेत आणि शक्य तर कृती करून दाखवावी. सूचना देण्यापूर्वी मुलाचे नाव घ्यावे आणि त्याचे लक्ष आपल्याकडे आल्यावरच बोलावे. ‘समजले का?’ असे विचारू नये. ते ‘हो’ म्हणणारच. ‘आता काय करणार, दाखव पाहू,’ असे म्हणावे.

दुसरी गोष्ट, दिवसाचा क्रम ठरलेला असावा आणि तो डोळ्यांना दिसावा. प्रार्थना, वाचन, गणित, खिचडी, खेळ, घर, अशी साधी चित्रे एका पुठ्ठ्यावर क्रमाने लावावी आणि झालेल्या कामाचे चित्र उलटे करावे. काम बदलण्यापूर्वी थोडा वेळ आधी सांगावे. पाहुणे येणार असतील किंवा सहल असेल, तर त्याची कल्पना मुलाला आदल्या दिवशी आणि पुन्हा त्या सकाळी द्यावी.

तिसरी गोष्ट, बसण्याची जागा. दार, खिडकी आणि वर्दळ यांपासून दूर, आपल्या जवळ, एका शांत स्वभावाच्या मुलाशेजारी त्याला बसवावे. आमच्याकडे गाड्यांचा खडखडाट आणि ध्वनिक्षेपक असतात. आपल्याकडे एका खोलीत चार वर्ग असतात. दोन्हीकडे मेंदू शिणतो. मूल बिथरू लागले की त्याला रागे न भरता पाण्याची कळशी भरून आणणे, वह्या वाटणे असे अंगाचे काम द्यावे. त्याने ते शांत होते.

चौथी गोष्ट, मोजता येईल, हाताळता येईल अशा वस्तूंनी शिकवावे. चिंचोके, काड्यांचे गठ्ठे, खरी नाणी, बाजाराचा खेळ. आणि विसरलेले पुन्हा शिकवावे. विसरण्याबद्दल कपाळाला आठी न घालता शिकवावे. विहिरीच्या काठावर दोराची खूण एका दिवसात पडत नाही.

पाचवी गोष्ट, शिस्त. चूक झाली की त्याच क्षणी, थोडक्या शब्दांत, काय करावयास हवे होते ते करून घ्यावे. सकाळच्या चुकीची शिक्षा दुपारी दिली तर हे मूल त्या दोहोंची सांगड घालू शकत नाही; त्याला एवढेच कळते की गुरुजी मारतात. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून बंदी आहेच. परंतु या मुलांच्या बाबतीत मार हा नुसता बेकायदा नव्हे, तर निरुपयोगीही आहे आणि पुढील आयुष्याला घातक आहे. सिॲटल येथील ॲन स्ट्रायसगुथ यांनी १९९६ साली ४१५ बाधित व्यक्तींचा अभ्यास मांडला. ज्यांची बाधा सहा वर्षांच्या आत ओळखली गेली, ज्यांना स्थिर आणि मायेचे घर मिळाले आणि ज्यांच्या वाट्याला मारहाण आली नाही, त्यांच्या पुढील आयुष्यात शाळा सुटणे, कायद्याच्या कचाट्यात सापडणे अशी संकटे कमी आली. शाळा हे मुलाचे दुसरे घर. त्या घरात स्थैर्य आणि माया ठेवणे आपल्या हाती आहे.

सहावी गोष्ट, मुलाचे गुण हेरावे. यांतील पुष्कळ मुले अत्यंत मायाळू असतात. गाण्यात, चित्रात, मातीकामात, झाडांना पाणी घालण्यात, धाकट्यांना आणि जनावरांना सांभाळण्यात रमतात. दिवसातून एकदा तरी वर्गासमोर त्याच्या हातून एखादे काम यशस्वी होईल, अशी योजना करावी.

आता एका नाजूक बाबीकडे वळतो. आपल्याला शंका आली म्हणजे आईला ‘तू पीत होतीस का?’ असे विचारण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने आवरावा. कित्येक स्त्रियांना आपण गरोदर आहोत हे पहिले काही आठवडे ठाऊकच नसते. कित्येकींना मद्याचा गर्भावर परिणाम होतो हे कोणी सांगितलेलेच नसते. आणि कित्येकींच्या पिण्यामागे मार, उपासमार आणि अपार कष्ट असतात. अपराधी ठरविलेली आई शाळेची पायरी पुन्हा चढत नाही आणि नुकसान मुलाचेच होते. तिला एवढेच सांगावे, ‘‘ताई, तुमचं मूल हट्टी नाही. त्याला लक्षात ठेवणं जड जातं. आपण दोघं मिळून त्याला मदत करू.’’ मी हे वाक्य प्रथम उच्चारले तेव्हा समोरची माउली पदराने डोळे पुसू लागली; कारण तोवर तिच्या मुलाविषयी शाळेतून फक्त तक्रारीच आल्या होत्या.

प्रतिबंधाची गोष्ट मात्र सर्वांसमोर आणि उघडपणे बोलावी. माता-पालक मेळाव्यात आशाताईंना बोलवावे. ‘दिवस गेल्यापासून बाळंतपणापर्यंत दारूचा थेंबही नको, आणि आजवर घेतली असेल, तर आज थांबविल्यानेही बाळाचा फायदाच आहे’ हे दोन मुद्दे सांगावे. जिला रोज पिण्याची सवय जडली आहे, तिने मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावी, हेही सांगावे; एकाएकी सोडल्याने अपाय होऊ शकतो. आणि ही शिकवण केवळ बायकांना देऊ नये. ज्या घरात नवरा रोज बाटली आणतो, त्या घरात बायकोने एकटीने व्रत पाळावे ही अपेक्षा फुकाची आहे. बायको गरोदर असताना बाटली उंबऱ्याबाहेर ठेवणे, हे त्या बाळासाठी बापाने करावयाचे पहिले काम आहे.

निदान हे आपले काम नव्हे, हे मी पुन्हा सांगतो. कुपोषण, कमी ऐकू येणे, अंधूक दिसणे, अपस्मार, घरातील मारझोड, यांमुळेही मूल असेच वागू शकते. म्हणून आधी कान आणि डोळे तपासून घ्यावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी हे मूल गैरहजर राहू देऊ नये, आणि आपली निरीक्षणे तारखांसह लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावी. तेथून मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांनाही कळवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत. त्यांत ही बाधा या नावाने नाही. परंतु बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहेत, आणि तपासणीत त्यांपैकी काही आढळल्यास प्रमाणपत्र व सवलती मिळू शकतात. मुंबईत आलेल्या कुटुंबांना महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतील बालरोग विभाग खुले आहेत. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन-अक्षमतेची तपासणीही होते. आणि डॉक्टरांकडून कागद येईपर्यंत थांबण्याचे आपणांस मुळीच कारण नाही. मी वर सांगितलेल्या सहा गोष्टी निदान काहीही निघाले तरी मुलाला अपाय करणाऱ्या नाहीत.

शेवटी पुन्हा त्या दाखल्याकडे येतो. तो मुलगा आता तिशीच्या उंबरठ्याकडे चालला असेल. तो कोठे आहे, कसा आहे, मला ठाऊक नाही. माझा शेरा त्याच्या कोणत्या गुरुजींनी वाचला आणि वाचून त्याला कोणत्या रांगेत बसविले, हेही मला ठाऊक नाही. त्या शेऱ्यात एक अक्षरही खरे नव्हते, कारण मी मुलाची वर्तणूक लिहिली नव्हती. मी माझी अधीरता लिहिली होती.

आता मी दाखल्याबरोबर एक साधी चिठ्ठी जोडतो. आज तो मुलगा शाळा सोडून जात असता, तर मी त्या चिठ्ठीत लिहिले असते: ‘हा मुलगा मायाळू आहे. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. विसरल्यास पुन्हा सांगावे. गोंगाटात घाबरतो. रंगवणे फार आवडते. याला मारू नये.’ पाच-सहा ओळी. त्या लिहावयास पाच मिनिटे लागतात.

आपल्या वर्गातून या दिवाळीनंतर असे एखादे मूल आमच्याकडे निघाले, तर त्याच्या हाती अशी चिठ्ठी द्या. आमच्याकडून पावसाच्या आधी ते परतेल, तेव्हा आम्हीही देऊ. दोन गावांच्या मधल्या वाटेवर त्या मुलाला काहीच आठवत नसले, तरी त्याचे दोन शिक्षक त्याला आठवणीत ठेवू शकतात.